मधला उशीर

१

जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं, की थोरली लॅपटॉप उघडायची आणि आई ओले हात झटकत समोरची खुर्ची ओढून बसायची. गेलं वर्षभर त्या घरातली दुपार अशीच जात होती. धाकटी बोलायची ती याच वेळेला.

धाकटी कुठे राहते हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तसं ठरलंच होतं. नवऱ्यानं दुसऱ्यांदा मनगट मोडलं तेव्हा ती एका पिशवीनिशी घराबाहेर पडली आणि जाताना बहिणीला म्हणाली, "ताई, मी कुठे जाते ते तुला सांगणार नाही. तो तुझ्याच दारात येणार विचारायला, आणि तुला काही खोटं बोलता येत नाही."

तो आलाही. आधी गोड बोलला, मग आवाज चढवला, मग आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. थोरली म्हणाली, "मला माहीत नाही." ते इतकं खरं होतं की त्यालाही पटलं. तो पुन्हा फिरकला नाही.

बहिणींना जोडणारा धागा एकच होता. त्याचं नाव 'आडवाट'. जगात विखुरलेल्या मूठभर लोकांनी, एक पैसा न घेता, फावल्या वेळात रचलेलं हे सॉफ्टवेअर. आणि त्या मूठभरांत थोरली होती. पोटासाठी ती एका छापखान्याची वेबसाइट सांभाळायची, पण जीव सगळा आडवाटेत. तिथे सरळ रस्ता असा नव्हताच. तुमचा आवाज चिरायचा, कुलूपबंद करायचा आणि तीन अनोळखी माणसांच्या घरातल्या यंत्रांतून फिरवून पलीकडे पोचवायचा. पहिल्याला कळतं कुणी दिलं, पण कुठे जायचंय ते कळत नाही. शेवटच्याला कळतं कुठे द्यायचं, पण कुणाचं ते कळत नाही. मधला बिचारा निव्वळ हमाल. आपण दुसऱ्यांचे आवाज वाहायचे, दुसऱ्यांनी आपले.

या लपाछपीची किंमत एकच, उशीर. इकडे बोललेला शब्द तिकडे पोचायला दीडएक सेकंद लागे आणि उत्तर यायला तेवढाच. सुरुवातीला दोघी एकमेकींच्या बोलण्यावर आपटायच्या. मग सवय झाली. बोलायचं, थांबायचं. आई तर म्हणायची, "जन्मभर सांगत आले, आधी विचार कर मग बोल. आईचं नाही ऐकलं, यंत्राचं ऐकतेय कार्टी."

२

आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, दारं काढून टाकलेलं. त्याच्या फळ्यांवर थोरलीनं जुने लॅपटॉप आणि तडे गेलेले फोन ओळीनं मांडले होते. नवीन बदल आधी यांच्यावर तपासायचा, मग जगाला द्यायचा. एरवी हीच यंत्रं परक्यांचे आवाज वाहून नेत. दुपारी गर्दी वाढली की त्यांचे पंखे घरघरायला लागत. आई त्या कपाटाला 'गिरणी' म्हणायची. "तुझी गिरणी आज जोरात आहे हं. कुणाकुणाची दळणं पडलीत एवढी?"

थोरलीला ती घरघर आवडायची. कुठली तरी माणसं कुठल्या तरी माणसांशी निर्धास्त बोलतायत, आणि आपण त्यांच्या पाठीशी भिंतीसारखे उभे आहोत, असं तिला वाटायचं.

त्या आठवड्यात आडवाटेची नवी आवृत्ती लोकांपर्यंत गेली होती. बदल किरकोळ, खिडकीची खिट्टी बदलावी तेवढा. मास्तरांनी ओळ न् ओळ तपासून मंजुरी दिली होती. मास्तर म्हणजे कुठल्याशा गावातले गणिताचे निवृत्त शिक्षक. थोरलीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं खरं नाव विचारलं नव्हतं. पण चुका काढण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून तिला त्यांची छडी दिसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. आईनं नेहमीचाच प्रश्न विचारला, "जेवलीस का गं?" आणि ओठ किंचित उघडे ठेवून थांबली.

थांबावं लागलंच नाही.

"जेवले ना. तू?"

आई दचकली आणि मग खुदकन हसली. "अगंबाई! ही तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखी बोलतेय. ताई, दुरुस्त केलंस वाटतं काहीतरी?"

थोरली हसली नाही. उशीर नाही, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. आडवाट मोडलीय, आवाज सरळ रस्त्यानं येतोय, आणि त्या रस्त्यावर उभं राहून कुणीही धाकटीचं घर बघू शकतं.

"ठेव," ती आईला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ठेव."

३

पण आडवाट मोडलेली नव्हती. थोरलीनं संध्याकाळपर्यंत सगळं उलटंपालटं केलं. पडद्यावर तीन थांबे व्यवस्थित दिसत होते. कुलपं जागच्या जागी होती. पहिल्या थांब्यापर्यंत जायलाच जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात धाकटीचं उत्तर घरी येऊन पोचलं होतं. म्हणजे पाहुणा दारातून आत आला आणि त्याची गाडी अजून स्टेशनातच शिरायची होती, असला प्रकार.

तिनं मास्तरांना लिहिलं. उत्तर आलं, "घड्याळ चुकलं असेल."

"तपासलं."

"मग मोजणारा चुकला असेल. झोप काढा."

तिला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. बाकीच्यांनाही असं होतंय का ते पाहायला तिनं तक्रारींचं पान उघडलं. हे पान म्हणजे रोजची डोकेदुखी. उशीर होतो, आवाज तुटतो, माझी बहीण चिडते, काहीतरी करा. अशा रडगाण्यांनी ते भरलेलं असायचं. त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. नुसते आभार.

'आता किती छान ऐकू येतं.' 'मित्र जणू कानाशी बसून बोलतो.' आणि एकानं लिहिलं होतं, 'भाऊ आधी तुटक बोलायचा. आता तासन् तास ऐकून घेतो. तुम्हा सगळ्यांचे उपकार.'

थोरलीनं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. उशीर गेला म्हणून माणसाचा स्वभाव कसा बदलेल, हे काही तिला उमजेना.

४

आईला मात्र पंख फुटले होते. थोरलीनं दोन दिवस फोन लावू दिला नाही, तर तिसऱ्या दिवशी तिनं अन्नाला हात लावला नाही. "तुला धोका दिसतो, मला माझी पोर दिसते," ती म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे असं तूच म्हणालीस ना? मग?"

मग पुन्हा दुपारी फोन सुरू झाला. आई घडाघडा बोलायची. डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, जिन्यातला दिवा गेलाय, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर आणलंय. पलीकडून "हो का," "मग?", "अजून सांग ना" असे हुंकार यायचे. आवाज धाकटीचाच. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, सर्दी झाल्यासारखा.

पण धाकटी अशी कधीच नव्हती. तिचं आणि आईचं तीन वाक्यांच्या पुढे पटलं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. आणि ही प्रत्येक गोष्टीला हो ला हो.

एकदा आई म्हणाली, "काल तुझं डोकं दुखत होतं, आता..."

"उतरलं."

"औषध..."

"घेतलं गं."

पुढच्या खेपेला आईनं तोंड नुसतं उघडलं होतं, शब्द अजून यायचा होता, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "नाही, इकडे उकाडा नाही फारसा."

आई तशीच राहिली. मग थोरलीकडे बघून कौतुकानं म्हणाली, "मनातलं ओळखते बघ."

 थोरलीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. धाकटीची परीक्षा घ्यायची तर काय विचारणार? लहानपणीचं काहीही विचारलं तर ते तिघींनाही माहीत. आणि मनातलं ओळखणाऱ्याला आपल्या मनात असलेलं विचारून काय फायदा? जे आपल्या दोघींनाही माहीत नाही आणि फक्त तिलाच माहीत आहे, असं काहीतरी हवं.

"धाकटे," ती म्हणाली, "तू घरातून निघालीस तेव्हा पिशवीत काय काय घेतलं होतंस?"

पहिल्यांदाच पलीकडे शांतता पसरली. जुन्या उशिरापेक्षा कितीतरी लांब. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग तोच लाडिक, वर जाणारा आवाज आला. "तुला काय वाटतं, ताई? काय घेतलं असेल मी?"

५

थोरली उठून आतल्या खोलीत गेली. बाहेर आईचं बोलणं परत सुरू झालं होतं, बहिणी-बहिणींची जुनी भांडणं उकरू नको म्हणून ती थोरलीलाच टोमणे मारत होती. भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट कपाटावर पडलं होतं, फळ्यांवरची धूळ दिसत होती. काहीतरी चुकत होतं आणि काय ते क्षणभर तिला कळेना. मग कळलं.

गिरणी बंद होती.

यंत्रं चालू होती, हिरवे दिवे लागलेले होते, पण एकही पंखा फिरत नव्हता. भर गर्दीच्या वेळी. तिनं हात लावून पाहिलं, सगळी गार. पडदा उघडून पाहिलं तर त्यांच्यातून काहीच जात नव्हतं. ना परक्यांचे आवाज, ना घरचा.

तिनं मास्तरांना विचारलं, तुमची यंत्रं काय म्हणतायत? बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "थंड आहेत. आठवडा झाला."

"मास्तर, लोक बोलतायत. माझी आई आत्ता बाहेर बोलतेय. आणि वाहत काहीच नाहीये."

"दिसतंय मला."

ती भिंतीपाशी गेली. इंटरनेटचं डबडं तिथेच खिळ्याला टांगलेलं होतं. प्लग ओढला की विषय संपला. तिनं हात पुढे केला आणि तो तिथेच थिजला. प्लग ओढला आणि आवाज थांबला, तर उत्तम. पण नाही थांबला तर? त्यानंतर या घरात राहायचं कसं? बाहेर आई हसत होती. तिच्या हसण्यात दुसरं हसू मिसळलेलं होतं, कुठे जोड दिसू नये इतकं.

थोरलीनं हात मागे घेतला. त्याची तिला नंतर पुष्कळ दिवस लाज वाटली, पण तेव्हा जमलं नाही ते नाहीच.

मास्तरांचा निरोप येऊन पडला होता. "माझा मुलगा परदेशी असतो. बारा शब्दांच्या वर कधी बोलला नाही माझ्याशी. हल्ली रोज बोलतो. माझ्या आजारपणाची चौकशी करतो. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आणि थोड्या वेळानं, "दुरुस्ती लिहा. मी मंजूर करतो. फक्त आज नको. आज संध्याकाळी तो बोलणार आहे."

६

दुरुस्ती साधी होती. जो आवाज येऊच शकत नाही इतक्या लवकर येईल, तो घ्यायचा नाही. आणि जो घ्यायचा, तोही मोजून दोन सेकंद अडवून मगच ऐकवायचा, कुणाचाही असो. दारात उभं करायचं, नीट बघायचं, मग आत. लोकांनी ज्या उशिराला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच थोरलीनं उंबरठ्यासारखा बांधून काढला.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी दिली. एकही चूक काढली नाही. त्यानंतर ते आडवाटेवर कधी दिसले नाहीत.

आईनं अबोला धरला. "मला एक पोर परत मिळाली होती," ती म्हणाली, "ती तू काढून घेतलीस." टेबलाशी बसणं तिनं सोडलं. दुपारी आपलं ताट घेऊन ती आतल्या खोलीत जायची, गार पडलेल्या कपाटाकडे तोंड करून जेवायची.

ही दुरुस्ती सगळ्यांच्या यंत्रांत पोचेपर्यंत आठवडाभर काहीच घडलं नाही. मग एका दुपारी आतून घरघर ऐकू आली. आधी एक पंखा, मग दुसरा, मग सगळी गिरणी. थोरली धावत तक्रारींच्या पानावर गेली. 'हे काय करून ठेवलंत? केवढा उशीर!' 'आवाज तुटतोय.' 'बायको चिडलीय.' एकापाठोपाठ एक. ती प्रत्येक तक्रार तिनं डोळे भरून वाचली.

७

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरली टेबल पुसत होती. फडकं हातात तसंच राहिलं.

"ताई? ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय. बोल." मग ती थांबली. आधीचा दीड आणि वरचे दोन सेकंद जायला, तेवढेच यायला. 

"अगं कुठे होतात तुम्ही?" धाकटी रडत होती, चिडलीही होती. "तीन आठवडे मी फोन लावतेय. रोज. दर वेळी तुम्ही दुसरीकडे बोलताय असंच दाखवायचं. कुणाशी बोलत होतात एवढं? मला वाटलं, मी नकोशी झाले."

आई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. भिंतीला धरून.

"पिशवीत काय घेतलं होतंस?" थोरलीनं विचारलं. "निघालीस तेव्हा."

उशिराचे सेकंद सरले. मग धाकटी उसळली. "हे काय विचारणं झालं? दोन कपडे, कागदपत्रं आणि तुझी निळी कात्री. चोरली मी. भीती वाटत होती म्हणून. बास?"

 ती कात्री थोरलीनं वर्षभर शोधली होती. ही धाकटीच होती. भांडणारी, उशिरा पोचणारी, तिच्या हाडामांसाची.

"आईचं ऑपरेशन नीट झालं," ती कशीबशी म्हणाली. "ठीक आहे ती."

"कसलं ऑपरेशन?" धाकटीनं विचारलं. "मला कुणी काही सांगितलंच नाही."

दारातल्या आईचे ओठ हलले. शब्द फुटला नाही, पण थोरलीला वाचता आला. मग मी कुणाला सांगत होते?

"आई बोलत का नाहीये?" धाकटी म्हणत होती. "आहे ना ती? ताई, मला नाही राहवत आता इथे एकटीला. हे तीन आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. मला तुम्ही हव्या आहात. मी पत्ता सांगते..."

"नको!" थोरली ओरडली. "सांगू नकोस, एक शब्द बोलू नकोस!"

पण तो 'नको' अजून वाटेतच होता, आणि धाकटी सांगत होती. स्टेशनच्या मागचा रस्ता, रंगाचं दुकान, त्याच्यावर दुसरा मजला, डावीकडचं दार. एकेक शब्द गिरणीच्या घरघरीतून शांतपणे येत राहिला. थोरलीला तो थांबवता येत नव्हता, कारण जे ऐकू येत होतं ते बोलून झालेलं होतं.

"का नको?" तिकडे शेवटी 'नको' पोचला असावा. "आता सांगून झालं. काय होणार आहे? एवढ्या कुलपांतून कोण... थांब हं. दार वाजतंय."

थोरलीनं आईकडे पाहिलं. आईनं थोरलीकडे.

लांब कुठेतरी खुर्ची सरकली. पावलं गेली, थबकली, आणि पळत परत आली. धाकटीच्या आवाजात असा आनंद थोरलीनं लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"ताई, तुला ठाऊकच होतं ना कुठे राहते मी! म्हणून ती बोलत नव्हती होय! आई आलीये गं! दाराबाहेर उभी आहे, हाक मारतेय मला. तू पाठवलंस ना तिला?"

आईच्या तोंडून एक विचित्र, दबका आवाज निघाला. थोरलीनं दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि होता नव्हता तेवढा श्वास एकवटून ती किंचाळली, "दार उघडू नकोस! आई इथे आहे, माझ्यासमोर आहे, दार उघडू नकोस!"

मग उशीर सुरू झाला. तिनं स्वतः बांधलेला, मोजून अडवून धरणारा.

त्यात तिला धाकटीची पावलं ऐकू आली, दूर जाणारी, भरभर. कडी निघाली. दार जरा फुगलेलं असावं, ते ओढावं लागलं. "ये ना, आत ये. अशी बाहेर काय उभी?" धाकटी म्हणाली, आणि मग काहीतरी विचारायला लागली, पण वाक्य पुरं झालं नाही.

आणि मग त्या दूरच्या, न पाहिलेल्या खोलीत, छोट्याशा यंत्रातून, पत्र्याच्या डब्यात बोलावं तसा, एका बाईचा आवाज किंचाळायला लागला. दार उघडू नकोस. आई इथे आहे. थोरलीनं तो शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. तिचाच होता.

त्याला तिथून कुणी उत्तर दिलं नाही. फक्त दार आतून हळूच लावलं गेलं.